आईसलँडमार्गे सातारा

"एक्स्क्यूज मी… हे मेतकूटच आहे ना?"

मी वळून पाहिलं. निथळणारा हिरवा रेनकोट, कपाळाला चिकटलेले केस आणि दोन हातांत दोन पिवळ्या पुड्या. न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या त्या वाणसामानाच्या दुकानात शनिवारी मुंगी शिरायला जागा नसते. त्यात बाहेर एप्रिलचा पाऊस कोसळत होता, म्हणून ज्यांना काही घ्यायचं नव्हतं तेही आत येऊन उभे राहिले होते. हा मात्र खरंच काहीतरी शोधत होता. चेहरा असा, की पेपर कोरा राहिलाय आणि घंटा व्हायला आली आहे.

"डाव्या हातात हळद आहे," मी म्हटलं. "मेतकूट उजव्यात."

"अगं बाई," तो म्हणाला.

मला हसू आवरेना. सहा फुटी माणूस, खांदे दाराएवढे, आणि तोंडात शेजारच्या काकूंचं 'अगं बाई'.

"व्हॉट? हसायला काय झालं?"

"काही नाही. पुरुष 'अगं बाई' म्हणत नाहीत, एवढंच."

"माझी आई म्हणते."

"तेच म्हणतेय मी."

त्याने क्षणभर विचार केला आणि मग तो लाजला. चक्क लाजला, कानाच्या पाळ्यांपर्यंत. "मी मराठी आईकडूनच शिकलो," तो म्हणाला. "बाबा घरी फक्त 'हं' म्हणतात. सो… चॉइस नव्हता."

त्याच्या ढकलगाडीत भडंगाचे पुडे होते, लिंबाचं लोणचं होतं, खाकऱ्यांची चळत होती आणि वर एक छोटा इलेक्ट्रिक कुकर. मी विचारलं, दुकान काढताय का?

"आईसलँड," तो म्हणाला. "मराठी मंडळाची ट्रिप आहे जूनमध्ये. ग्लेशियरवर चालायचं, धबधबे, पफिन पक्षी… सगळं. पण आईला भीती वाटते की तिथे बारा मराठी माणसं उपाशी मरतील."

माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आईसलँडचाच फोटो आहे. काळा कातळ, त्यावर हिरवळ, धुकं आणि कड्यावरून सुटलेले पाण्याचे दोरे. सगळ्यांना वाटतं, हिला फिरायची आवड आहे. खरं कारण मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तो फोटो श्रावणातल्या साताऱ्यासारखा दिसतो. मी साताऱ्याची, आणि घरी जाऊन मला तीन वर्षं झाली होती.

"तू ये ना," तो म्हणाला. ओळख ना पाळख, आणि हा निघाला मला आईसलँडला घेऊन. "नीना मावशीचा गुडघा गेला. तिने कॅन्सल केलं. जागा आहे."

"ट्रिपला नाही जमणार."

"मग प्रॅक्टिस हाइकला? दर संडेला आम्ही सगळे डोंगर चढतो. म्हणजे मी चढतो. बाकीचे खाली बसून खातात."

नाव जय. राहायला वेस्ट विंडसरला, आई-बाबांबरोबर, माझ्या घरापासून गाडीने दहा मिनिटांवर. हायस्कूलमध्ये भूशास्त्र शिकवतो. हे सगळं त्याने दुकानाच्या दारात, पाऊस ओसरायची वाट बघत सांगितलं. मीही 'शरयू, औषधांच्या कंपनीत आकडेमोड करते' एवढं सांगितलं. पाऊस तसा मघाशीच थांबला होता. आम्हा दोघांनाही ते दिसत होतं.

रविवारी मी गेले. डेलावेअर नदीच्या काठी एक बऱ्यापैकी उभा डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी मंडळाची माणसं जमली होती. जयची आई, सुलेखा काकू, नवे कोरे हायकिंगचे बूट घालून डबे मांडत होत्या. त्याचे बाबा, श्रीरंग काका, नकाशा उलटा धरून गंभीरपणे बघत होते. मी नमस्कार केला तर म्हणाले, "हं."

जयने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. बघ, सांगितलं होतं ना!

चढाला लागल्यावर मात्र त्याची मजा मी घेतली. अजिंक्यताऱ्यावर मी शाळेचं दप्तर घेऊन चढलेली मुलगी. त्याच्या पाठीवर पाण्याची नळीवाली पिशवी, हातात दोन काठ्या, पायात पाऊणशे खिसे असलेली पँट. अर्ध्या वाटेत त्याला धाप लागली आणि मी वरच्या खडकावर बसून त्याची वाट बघत होते.

"तू… बकरी आहेस," तो वर येत म्हणाला.

"साताऱ्याची."

"काँप्लिमेंट होती ती."

"आमच्याकडेही बकरी म्हणजे काँप्लिमेंटच."

मग त्याने खडकावर हात ठेवला आणि त्याच्यातला मास्तर जागा झाला. हा दगड कसा झाला, नदीने डोंगर कसा कापला… इतका रंगून सांगत होता की मीही ऐकत बसले. खरं तर मी त्याचे हात बघत होते. दगडावरून हात असा फिरवायचा, की मांजर झोपलंय आणि जागं करायचं नाहीये.

रविवारामागून रविवार गेले. त्याच्या थर्मासमध्ये आल्याचा चहा असायचा आणि शेवटचा कप तो माझ्यासाठी राखून ठेवायचा. सुलेखा काकूंनी एकदा "मला अर्धा दे रे" म्हटलं तर थर्मास हलवून "संपला" म्हणाला. मला आतला चहा डुचमळताना ऐकू आला. काकूंनाही आला असावा, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उगाच झाडाकडे बघून हसल्या.

एकदा माथ्यावर सरीने गाठलं. त्याने रेनकोट दोघांच्या डोक्यावर धरला. माझा खांदा त्याच्या खांद्याला लागला होता. दोघांनाही सरकता आलं असतं… कुणीच सरकलं नाही.

"शरयू," तो म्हणाला. पाऊस रेनकोटवर वाजत होता. "आईसलँडला ये ना. मी ते सगळं दोनदा बघितलंय. आता तुझ्याबरोबर बघायचंय."

मला तिथल्या तिथे 'हो' म्हणायचं होतं.

"नाही जमणार, जय. माझा स्टॅम्प संपलाय."

"सो? रिन्यू कर."

"इथे नाही होत."

"ऑनलाइन?"

आता अमेरिकेत नोकरी करणाऱ्या कुठल्याही देशी माणसाला हे वाक्य पुरे असतं. 'स्टॅम्प संपलाय' म्हटलं की समोरचा हळहळतो, विषय बदलतो, चहा विचारतो. माझे नोकरीचे कागद ठीक होते, त्यामुळे इथे राहायला अडचण नव्हती. पण पासपोर्टावरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. म्हणजे घरात आहात तोवर ठीक, एकदा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की दार बंद. परत यायचं तर आधी भारतात जाऊन नवा शिक्का घ्यायचा, आणि तो पंधरा दिवसांत मिळेल की सहा महिन्यांत, हे कुणी सांगू शकत नाही. माझी रूममेट प्रीता, तिच्या बहिणीचा पासपोर्ट असाच अडकला आणि नोकरी गेली. तेव्हापासून मी ताकही फुंकून पीत होते. धाकट्या भावाचं लग्न मी मोबाइलवर पाहिलं. अक्षता टाकायची वेळ आली तेव्हा घरातले चार तांदळाचे दाणे स्क्रीनवर टाकले आणि नंतर केरसुणीने गोळा केले.

हे सगळं त्याला सांगायला हवं होतं. पण 'ऑनलाइन' ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. "तुझ्याकडे निळा पासपोर्ट आहे. तू जगात कुठेही जातोस आणि परत येतोस, बाथरूमला जाऊन आल्यासारखा."

रेनकोट माझ्या हातात देऊन तो स्वतः पावसात सरकला. "यू कॅन जस्ट से नो, शरयू," तो हळू म्हणाला. "नाही यायचं तर नाही. स्टॅम्पचं काय मध्येच?"

त्याला ते निमित्त वाटलं. नाही म्हणायची सभ्य तऱ्हा.

पुढचे दोन रविवार मी डोंगरावर गेले नाही. घरी कपड्यांच्या घड्या घातल्या, प्रीतावर खेकसले आणि कॉम्प्युटरवरचा फोटो काढून टाकला. मग पुन्हा लावला.

तिसऱ्या शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात जय, अंगात तोच हिरवा रेनकोट, हातात स्टीलचा डबा.

"आईने पाठवलंय. पुरणपोळी." तो आत आला नाही. डबा पुढे करून उभाच राहिला. "मी तिला विचारलं, स्टॅम्प म्हणजे काय. ती पोळी लाटत होती. लाटणं ठेवलं आणि रडायला लागली."

"काय?"

"तिचे बाबा गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. ती गेली नाही. मला वाटायचं तिकीट महाग होतं म्हणून. ते नव्हतं. ग्रीन कार्ड पेंडिंग होतं. गेली असती तर परत येता आलं नसतं… माझ्याकडे." त्याने नाक पुसलं, रेनकोटाच्याच बाहीने. "मी बत्तीस वर्षांचा आहे, शरयू. माझ्याच घरात घडलंय आणि मला माहीत नव्हतं. आय ॲम सॉरी. फार बोललो मी."

"मीही बोलले. बाथरूमचं."

"ते बरोबर होतं."

मग मात्र त्याला आत बोलवावं लागलं. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो, पोळीवर तूप घेतलं. त्या फोटोचं खरं कारणही मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं, ठोसेघरच्या धबधब्यासकट. खाता खाता तो म्हणाला, "तू घरी जा."

मला वाटलं, माझ्याच घरात बसून हा मला कुठे घालवतोय?

"साताऱ्याला," तो म्हणाला. "स्टॅम्प अडकला तर अडकला. आई अजून रडते. तीस वर्षं झाली."

"आणि नोकरी?"

"नोकरी दुसरी मिळते."

त्याने डबा उचलून टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवला. "हे नेवार्क, आपलं एअरपोर्ट." तुपाचं भांडं उजव्या टोकाला. "हा सातारा." आणि लोणच्याची बरणी मधे, जरा वरच्या बाजूला. "आईसलँड. वाटेतच आहे बघ. तू आमच्याबरोबर इथपर्यंत ये. मग आम्ही मागे येऊ, तू पुढे जा."

मी त्या बरणीकडे बघत राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं, अमेरिकेतून पाऊल बाहेर टाकायचं म्हणजे विहिरीत उडी. ह्याने मधे एक पायरी बांधून दिली होती. आणि ती बांधताना, मी पुढे गेले तर कदाचित परत येणारच नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्याचा हात बरणीवरून हलत नव्हता.

त्या दुपारी माझं त्याच्यावर प्रेम आहे हे मला कळलं. त्याला सांगितलं नाही. कारण एक गोष्ट खुपत होती. 'जा' म्हणताना तो एकदाही 'परत ये' म्हणाला नाही.

कंपनीने कुरकुरत दोन महिने साताऱ्यातून काम करायला परवानगी दिली. ऑगस्ट संपायच्या आत परत, नाहीतर दुसरं माणूस बघू, असंही गोड शब्दांत कळवलं. आईसलँडचा व्हिसा आला. मी आईला फोन केला तर ती म्हणाली, "असू दे, येशील तेव्हा येशील," कारण तिने आता विश्वास ठेवणं सोडून दिलं होतं. तिकीट दाखवलं तेव्हा फोन बाबांच्या हातात देऊन निघूनच गेली.

जूनअखेरीस आम्ही आईसलँडला उतरलो. त्या दिवसांत तिथे सूर्य मावळल्यासारखं करतो आणि मावळत नाही. श्रीरंग काका खिडकीला चादर लावून झोपायचे. सुलेखा काकूंच्या कुकरने पहिल्याच संध्याकाळी भाड्याच्या घरातला धुराचा भोंगा वाजवला आणि शेजारचे सोनेरी केसांचे आजोबा धावत आले. काकूंनी त्यांना मेतकूट-भात दिला. दुसऱ्या दिवशी ते वाडगा घेऊन आपणहून आले.

आम्ही बुटांना खिळ्यांच्या चौकटी बांधून हिमनदीवर चाललो. करकर आवाज करत, एकामागे एक. बर्फ पांढरा असेल असं वाटलं होतं, तर खोल भेगांत निळाशार आणि वर ज्वालामुखीच्या राखेने मळलेला. कड्यावरचे पफिन लाल चोचीत मासे धरून आमच्याकडे असे बघत होते, की पावतीशिवाय आत कसे आलात? एका धबधब्याच्या मागून वाट जाते. तिथे पाण्याच्या पडद्याआड उभं राहिलं की बाहेरचं हिरवं रान थरथरताना दिसतं. आवाज इतका की बोलणं ऐकूच येत नाही. जय काहीतरी म्हणाला. मी हातानेच विचारलं, काय? त्याने मान हलवली, काही नाही.

आणि मग एका वळणावर ते आलं. काळा कडा, त्यावर मखमली हिरवळ, धुकं निम्म्यापर्यंत उतरलेलं आणि पाण्याचे तीन बारीक दोरे. मी नुसताच गाडीच्या काचेवर हात आपटला. जयने बघितलं आणि थांबवली.

मी खाली उतरून रडले. मनसोक्त, नाक वाहीपर्यंत. मंडळाची माणसं समजूतदार, ती गाडीतच खाकरे खात बसली.

"थोसेघर?" जयने विचारलं.

"ठोसेघर," मी हुंदक्यातून दुरुस्त केलं.

"बसाल्टच आहे हा पण. तुझ्या गावचाच दगड. फक्त तुझा फार म्हातारा आणि हा फार तरुण."

"आजी आणि नात."

"एक्झॅक्टली." त्याने रेनकोटाची बाही पुढे केली. मी डोळे पुसले. त्या बाहीने एव्हाना बरंच काही पुसलं होतं.

शेवटच्या दिवशी सगळे दुकानं बघायला गेले आणि आम्ही दोघं एका दरीत चढून गेलो. तिथे डोंगरातून गरम पाण्याचा ओढा येतो. हवेत बोचरी थंडी, वरून भुरभुर पाऊस आणि पाणी अगदी न्हाणीघरातल्या बादलीइतकं ऊन. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आम्ही पाय सोडून बसलो. चहूकडे वाफ होती.

उद्या सकाळी त्याचं विमान पश्चिमेला, माझं पूर्वेला. मला आता राहवेना.

"जय, तू मला 'जा' म्हणालास. टेबलावर नकाशा मांडून म्हणालास. पण 'परत ये' म्हणाला नाहीस."

तो पाण्यात बघत राहिला.

"बोल ना. का नाही म्हणालास?"

"कारण…" त्याने ओढ्यातला एक खडा उचलला, परत ठेवला. "मी 'ये' म्हणेन, आणि स्टॅम्प नाही मिळाला तर? मग तुला घरी असूनही वाईट वाटेल. आईला वाटलं ना… ती इथे होती आणि मन तिथे. मला तुझं तसं नको होतं. मला वाटलं, तू घरी असशील तर पूर्ण घरी असावंस."

"हा निर्णय तू एकट्याने घेतलास?"

"…हो."

"शहाणाच आहेस. आणि मला वाटलं, ह्याला काही पडलेलं नाही. दीड महिना वाटतंय मला. त्या धबधब्यामागे काय म्हणालास?"

"तेच. ऐकू येणार नाही म्हणून तिथे म्हटलं."

"आता म्हण."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. थंडीने असतील, नसतील. "परत ये," तो म्हणाला. "प्लीज ये. आय लव्ह यू, शरयू. मराठीत कसं म्हणायचं मला माहीत नाही. आई-बाबा म्हणत नाहीत."

"आमच्याकडेही कुणी म्हणत नाही."

"मग काय म्हणतात?"

"जेवलीस का, विचारतात."

तो माझ्याकडे वळला. पापण्यांवर पावसाचे बारीक थेंब, अगदी गंभीर चेहरा. "जेवलीस का?"

"नाही अजून," मी म्हटलं, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. माझंही प्रेम आहे, हे मी त्याच्या ओल्या रेनकोटाला सांगितलं. त्याला ऐकू गेलं.

निघताना आम्ही ठरवलं. दोघांपैकी एकाने यायचं. शिक्का मिळाला तर मी, नाही मिळाला तर तो. आधी मी प्रयत्न करायचा, कारण त्याची शाळा सप्टेंबरात उघडते. विमानतळावर सुलेखा काकूंनी मला जवळ घेतलं आणि उरलेलं मेतकूट माझ्या पिशवीत कोंबलं. "साताऱ्याला मेतकूट घेऊन जाऊ, काकू?" तर म्हणाल्या, "आईला सांग, माझ्या हातचं नाही, विकतचं आहे. पण प्रेमाने दिलंय." श्रीरंग काकांनी खूप विचार करून माझ्या डोक्यावर हात ठेवला. जय फाटकापर्यंत आला. बोलायचं ते ओढ्यात बोलून झालं होतं.

साताऱ्यात मी आठ दिवस नुसती झोपले आणि जेवले. मग मुंबईला जाऊन व्हिसाची मुलाखत दिली. खिडकीतल्या माणसाने पासपोर्ट ठेवून घेतला आणि कळवतो म्हणाला. जुलै गेला. ऑगस्ट अर्धा झाला. पाऊस पडत होता, आई रोज नवीन काहीतरी करत होती, आणि मी पूर्ण घरी होते… संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी त्याची सकाळ व्हायची आणि फोन यायचा. आई आधी विचारायची, "कोण गं?" मग विचारेनाशी झाली. फोन वाजला की टीव्हीचा आवाज कमी करायची आणि भिंतीला टेकून पेपर वाचायची. उलटा.

मग त्याचे फोन आखूड झाले. "जरा बिझी आहे." शाळा तर बंद होती. मी विचारलं तर विषय बदलला. दोन दिवस मी आईवर खेकसले, जशी पूर्वी प्रीतावर खेकसायचे.

आणि तिसऱ्या दिवशी पासपोर्ट आला. शिक्क्यासकट.

मी त्याला कळवलं नाही. म्हटलं, थांब, दारात जाऊनच उभी राहते, मग बघू किती बिझी आहेस. दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढलं. आई-बाबा मुंबईपर्यंत सोडायला आले आणि मी आत गेल्यावर रात्रीच्या एसटीने मागे फिरले. आई या वेळी रडली नाही. "दार उघडं आहे ना आता? मग ये-जा करत राहा," म्हणाली.

नेवार्कला पहाटे उतरले. माझं इथलं सिम बंद पडलेलं, त्यामुळे फोन नुसताच हातात. विमानतळावरून थेट प्रिन्सटन जंक्शनची गाडी पकडली, तिथून टॅक्सी. वेस्ट विंडसरला कोवळं ऊन पडलं होतं आणि कुणीतरी गवत कापत होतं. बेलचं बटण माझ्याकडून दोनदा चुकलं.

दार सुलेखा काकूंनी उघडलं. माझ्याकडे बघितलं. माझ्या बॅगेकडे बघितलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्याच.

"काकू? जय कुठेय?"

"तो…" त्यांना हसू येत होतं की रडू, त्यांनाच कळत नव्हतं. "तो साताऱ्याला गेलाय, शरयू. तुझ्या घरी. म्हणाला, स्टॅम्प येत नाही, आता माझी पाळी. तुला सरप्राइज द्यायचं म्हणून आम्हाला शपथ घातली. काल मध्यरात्री उतरला मुंबईत."

मी काल मध्यरात्री मुंबईतून निघाले होते. बहुधा त्याचं विमान खाली येत होतं तेव्हा माझं वर जात होतं.

श्रीरंग काका जिन्यावरून उतरले, मला पाहिलं आणि सगळं प्रकरण एका दमात समजून घेऊन म्हणाले, "हं." मग टेबलावर टॅब्लेट उभा केला आणि जयला व्हिडिओ कॉल लावला.

पडद्यावर आमचा हॉल. संध्याकाळ, दिवे लागलेले. बाबांच्या खुर्चीत जय, अंग चोरून बसलेला, हातात पोह्यांची बशी. शेजारी आई, समोर बाबा, आणि मागच्या दारात शेजारच्या दोन काकू, उगाच वाटी मागायला आल्यासारख्या.

"सकाळपासून आहे हो इथे," आई सुलेखा काकूंना म्हणाली. जन्मात पहिल्यांदा बोलत होती, पण सूर माहेरवाशिणीचा. "दारात बघितला आणि हसावं की रडावं कळेना. आम्ही रात्रभर प्रवास करून येतोय तर हा टॅक्सीने आमच्या आधीच येऊन पायरीवर बसलेला. हिचा फोन लागेना. तुम्हाला कळवू म्हटलं तर हा म्हणाला, राहू दे, त्यांनाही सरप्राइज. म्हटलं आता आलाच आहेस तर नीट बघून घेऊ."

"बघा, बघा," काकू म्हणाल्या. "आम्हीही बघतो." आणि माझ्यापुढे पोह्यांची बशी आणून ठेवली. घरात आधीच झालेले होते, रविवार होता. पण त्या क्षणी चौघाही मोठ्यांच्या एकदमच ध्यानात आलं की हे काय चाललंय. मुलगा मुलीच्या घरी पोहे खातोय, मुलगी मुलाच्या. दोन्हीकडे प्रश्न विचारायला माणसं बसली आहेत.

बाबांनी घसा साफ केला. "मग, पसंत आहे का मुलगी?"

"आम्हाला एप्रिलपासून," सुलेखा काकू म्हणाल्या. "तुम्हाला मुलगा?"

"पोहे दोनदा घेतलेत त्याने," आई म्हणाली. "आता नाही कसं म्हणणार?"

जय मान खाली घालून बसला होता. त्याचे कान पडद्यावरही लाल दिसत होते. तेव्हा श्रीरंग काका उभे राहिले, आणि मी त्यांचं पहिलं सबंध वाक्य ऐकलं. "चला, आता मुलांना जरा बोलू द्या."

ते काकूंना घेऊन अंगणात गेले. तिकडे बाबांनी आईला उठवलं, शेजारणींना हाकललं आणि दार ओढून घेतलं.

माझ्या घरात तो एकटा राहिला, त्याच्या घरात मी. आम्ही कुणी पहिल्यांदाच भेटावं तसे अवघडून बसलो.

"तू आलीस," तो म्हणाला.

"तूही गेलास. एकानेच यायचं ठरलं होतं."

"मला राहवलं नाही."

"मला तरी कुठे." मी हसता हसता रडायला लागले. इतक्या दिवसांची भीती एकदम उतरली की असं होत असावं. तिथे तो बसला होता, माझ्या बाबांच्या खुर्चीत, मागे माझ्या शाळेतला फोटो. एक घर सोडून दुसरं धरावं लागेल असं मला वाटत होतं, पण कुठलंच सुटलं नव्हतं.

"कसं वाटलं माझं घर?" मी विचारलं.

"मला इथे राहायचंय," जय म्हणाला. "तुला माझं?"

मी पोह्यांचा घास घेतला. डोळ्यांतून पाणी येतच होतं.

"लिंबू कमी आहे," मी म्हटलं. "पण राहीन."